श्रीलंकेचे २०२२ साल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्रीलंकेत २०२२ साली जे घडले त्यातले राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानातील तरणतलावात डुंबणारे आंदोलक एवढेच दृश्य बहुतेकांच्या लक्षात राहिले आहे. त्या दृश्याच्या आधीचे सहा महिने आणि नंतरचे दोन आठवडे तारीखवार पाहिले, तरच त्या वर्षाची संगती लागते. मराठी वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे म्हणूनच शक्य तितक्या क्रमाने खाली दिली आहेत.

थोडक्यात सांगायचे तर त्या वर्षी नेमके काय झाले?

परकीय चलनाची गंगाजळी आटल्यामुळे इंधन, स्वयंपाकाचा गॅस आणि औषधे आयात करणे सरकारला अशक्य झाले, एप्रिलमध्ये परदेशी कर्जाची परतफेड थांबवावी लागली, महागाईने कळस गाठला आणि लोक रस्त्यावर उतरले. या रेट्यामुळे मे महिन्यात पंतप्रधान महिंदा राजपक्षे आणि जुलैत त्यांचे धाकटे बंधू, राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांना पायउतार व्हावे लागले. उरलेल्या मुदतीसाठी नवा राष्ट्राध्यक्ष मात्र जनतेने निवडला नाही. तो संसदेने निवडला, आणि त्या वर्षाविषयीचे निम्मे वाद याच एका मुद्द्याभोवती फिरतात.

देशाकडचे पैसे संपले म्हणजे नक्की काय संपले?

डॉलर संपले. रुपये सरकार छापू शकते, आणि श्रीलंकेने ते भरपूर छापलेही. परंतु पेट्रोलचे जहाज कोलंबो बंदराबाहेर येऊन उभे राहिले की त्याला रुपये चालत नाहीत. २०१९ च्या अखेरीस देशाकडे सुमारे ७.६ अब्ज डॉलरची गंगाजळी होती. मार्च २०२२ पर्यंत ती दोन अब्जांच्याही खाली आली, आणि त्यातला मोठा भाग चीनच्या मध्यवर्ती बँकेशी झालेल्या चलन-अदलाबदलीचा (म्हणजे एकमेकांच्या चलनात तात्पुरत्या दिलेल्या रकमेचा) असल्यामुळे खर्चासाठी उपयोगाचाच नव्हता.

गंगाजळी आटण्याची कारणे एकात एक गुंतलेली आहेत. २१ एप्रिल २०१९ रोजी ईस्टरच्या दिवशी झालेल्या बॉम्बस्फोटांनी पर्यटनाला तडाखा दिला आणि तो व्यवसाय सावरण्याआधीच करोनाची साथ आली. त्याआधी, २०१९ च्या शेवटी, नव्याने सत्तेवर आलेल्या गोटाबाया सरकारने मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून एकदम ८ टक्क्यांवर आणला होता आणि इतरही करांत घसघशीत कपात केली होती. महसूल घसरला, पतमानांकन संस्थांनी देशाचा दर्जा उतरवला, आणि जुने रोखे फेडण्यासाठी नवे रोखे विकण्याची वाट बंद झाली. याच काळात डॉलरचा अधिकृत भाव दोनशे रुपयांच्या आसपास बांधून ठेवण्यात आला, तर बाहेर त्याहून बराच जास्त भाव मिळत होता. आखाती देशांत राबणाऱ्या श्रीलंकन कामगारांनी घरी पैसे पाठवण्यासाठी बँकेऐवजी हवाल्याचा मार्ग धरला, यात नवल ते काय? जे डॉलर बँकांमार्फत देशात यायला हवे होते ते आलेच नाहीत. अखेर ७ मार्च २०२२ रोजी मध्यवर्ती बँकेने रुपया मोकळा सोडला आणि दोन-अडीच महिन्यांत डॉलर ३६० रुपयांच्या घरात गेला.

माझ्या मते त्या वर्षीची सर्वांत महागडी चूक जानेवारीतच झाली. कर्जाची फेररचना, म्हणजे परतफेडीच्या मुदती आणि अटी नव्याने ठरवणे, आताच मागा, असे अनेक अर्थतज्ज्ञ सांगत असताना सरकारने मुदत संपलेले ५० कोटी डॉलरचे रोखे पूर्ण फेडले आणि ‘आम्ही कधीही कर्ज चुकवलेले नाही’ ही प्रतिष्ठा जपली. ती प्रतिष्ठा पुढे तीन महिनेही टिकली नाही. तेवढ्या रकमेत कित्येक आठवड्यांचे इंधन आले असते.

हे सारे सेंद्रिय शेतीच्या हट्टामुळे झाले, हे खरे आहे का?

अर्धे खरे आहे. मे २०२१ मध्ये गोटाबाया सरकारने रासायनिक खते आणि कीटकनाशकांच्या आयातीवर एका फटक्यात बंदी घातली. शेतकऱ्यांना पुरेसे सेंद्रिय खत मिळाले नाही, संक्रमणासाठी वेळ मिळाला नाही, आणि नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घेईपर्यंत ‘महा’ हा मुख्य हंगाम हातचा गेला होता. २०२२ च्या सुरुवातीला निघालेल्या त्या हंगामात भाताचे उत्पादन एक तृतीयांशाहून अधिक घटले, चहाच्या मळ्यांनाही झळ बसली, आणि जो देश तांदळाच्या बाबतीत जवळजवळ स्वयंपूर्ण होता त्याला तांदूळ आयात करावा लागला.

मात्र डॉलरची टंचाई या बंदीच्या आधीपासून होती, आणि खतांच्या आयातीवरचा खर्च वाचवणे हाही बंदीमागचा एक हेतू होता, असे मानण्यास भरपूर जागा आहे. बंदी काही अंशी आजाराचे लक्षण होती. तिने आजार वाढवला. त्यातच चीनहून मागवलेल्या सेंद्रिय खताच्या नमुन्यांत अपायकारक जिवाणू आढळल्याचे सांगून श्रीलंकेने ‘हिप्पो स्पिरिट’ या जहाजावरचे खत उतरवून घेण्यास नकार दिला, त्यावरून वाद पेटला, आणि शेवटी न घेतलेल्या खतापोटी सुमारे ७० लाख डॉलर मोजावे लागले.

मग चीनच्या ‘कर्जाच्या सापळ्या’चे काय?

भारतीय वृत्तवाहिन्यांवर हे स्पष्टीकरण सर्वांत जास्त ऐकू आले, आणि आकड्यांसमोर ते सर्वांत कमी टिकते. एकूण परदेशी कर्ज सुमारे ५१ अब्ज डॉलर होते. त्यातला चीनचा वाटा, कोणती कर्जे धरायची त्यानुसार, साधारण १० ते २० टक्क्यांच्या दरम्यान येतो. सर्वांत मोठा वाटा पाश्चात्त्य गुंतवणूकदारांना विकलेल्या, चढ्या व्याजाच्या आंतरराष्ट्रीय रोख्यांचा होता. हंबनटोटा बंदर २०१७ मध्ये ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे गेले हे खरे, पण ते कर्ज माफ होण्याच्या बदल्यात गेले नाही. त्यातून आलेले सुमारे १.१ अब्ज डॉलर गंगाजळीत जमा झाले आणि मूळ कर्ज तसेच राहिले. चीनवर ठेवता येण्याजोगा दोष वेगळा आहे. परतफेडीचा पुरेसा विचार न करता दिखाऊ प्रकल्पांना त्याने हात सैल सोडून पैसा दिला, आणि फेररचनेच्या वाटाघाटींत बराच काळ हात आखडता घेतला.

सामान्य माणसाच्या आयुष्यात हे संकट कसे दिसत होते?

रांगांच्या रूपात. पेट्रोलपंपांपुढे दोन-दोन दिवस गाड्या उभ्या राहत. रिक्षाचालक तेथेच झोपत, तेथेच जेवत आणि पुढची गाडी हलली की आपली रिक्षा हाताने ढकलत नेत. मार्चमध्ये रॉकेल आणि पेट्रोलच्या रांगांत उभ्या असलेल्या वृद्धांचे मृत्यू झाले, तेव्हा सरकारने पंपांवर सैनिक नेमले. घरगुती गॅसचा साडेबारा किलोचा सिलिंडर एप्रिलच्या उत्तरार्धात ४,८६० रुपयांवर गेला, आणि तेवढे पैसे असले तरी तो मिळेलच याची खात्री नव्हती. लोकांनी रिकाम्या टाक्या साखळीने एकमेकींना बांधून रांगेत ठेवल्या. कोलंबोच्या सदनिकांमध्ये, जेथे चुलीला जागाच नसते, तेथे ही अडचण खेड्यापेक्षा जास्त जाचक ठरली.

मार्चच्या अखेरीस दिवसाला १० ते १३ तास वीज जाऊ लागली. कागद आणि शाई आयात करता येत नसल्यामुळे पश्चिम प्रांतातील शाळांच्या सत्रपरीक्षा पुढे ढकलण्यात आल्या आणि काही वृत्तपत्रांना छपाई आवरती घ्यावी लागली. कँडीजवळच्या पेरादेनिया रुग्णालयाने औषधांअभावी ठरलेल्या शस्त्रक्रिया थांबवल्याची बातमी आली तेव्हा भारताचे परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर कोलंबोतच होते, आणि मदतीची सूचना त्यांनी तेथूनच दिली. जूनमध्ये सरकारी कर्मचाऱ्यांना शुक्रवारची सुटी देण्यात आली. घरच्या परसात भाजीपाला लावावा, असा त्यामागे उद्देश सांगितला गेला. ज्याला शक्य होते तो पारपत्र कार्यालयाच्या रांगेत उभा राहिला, आणि ही रांग इंधनाच्या रांगेइतकीच लांब होती.

सप्टेंबरमध्ये कोलंबोतील ग्राहक महागाईचा वार्षिक दर ६९.८ टक्क्यांवर आणि खाद्यपदार्थांचा ९४.९ टक्क्यांवर पोहोचला. पगार तोच आणि बाजारखर्च जवळजवळ दुप्पट, असा या आकड्यांचा सरळ अर्थ होता.

इंधनाच्या रांगा अखेर मोडल्या त्या एका साध्या उपायाने. २८ जूनपासून अत्यावश्यक सेवांखेरीज कोणालाही इंधन न विकण्याचा आदेश निघाला होता. जुलैच्या मध्यापासून प्रत्येक वाहनाला क्यूआर कोड देऊन आठवड्याचा कोटा ठरवण्यात आला. सुरुवातीला मोटारीला २० लिटर, रिक्षाला ५ आणि दुचाकीला ४ लिटर असे प्रमाण होते. एवढ्यात रिक्षा चालवून पोट भरत नाही, हे उघड आहे. परंतु निदान रात्र रस्त्यावर काढावी लागत नव्हती.

आंदोलन केव्हा सुरू झाले आणि त्याचा नेता कोण होता?

मार्चमध्ये गल्लोगल्ली मेणबत्त्या घेऊन उभे राहणारे छोटे गट दिसू लागले होते. ३१ मार्चच्या रात्री मिरिहाना येथील गोटाबाया यांच्या खासगी घराकडे मोठा जमाव गेला, बस पेटवली गेली, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, आणि दुसऱ्या दिवशी आणीबाणी जाहीर झाली. ३ एप्रिलला संचारबंदी असतानाही लोक बाहेर पडले, समाजमाध्यमे काही तास बंद ठेवण्यात आली, आणि त्या रात्री पंतप्रधान वगळता सर्व मंत्र्यांनी राजीनामे दिले. अर्थमंत्री बासिल राजपक्षे, पाटबंधारेमंत्री चमल राजपक्षे आणि क्रीडामंत्री नमल राजपक्षे हे त्यांतच होते. एका कुटुंबाचे मंत्रिमंडळात किती वजन होते, हे या यादीवरूनच कळते. दुसऱ्या दिवशी नेमलेल्या नव्या अर्थमंत्र्यांनी, अली साबरी यांनी, एका दिवसातच राजीनामा दिला, आणि तरीही पुढे काही काळ तेच पद सांभाळले.

९ एप्रिलला कोलंबोच्या समुद्रकाठच्या गॉल फेस मैदानावर, राष्ट्राध्यक्षांच्या सचिवालयासमोर, हजारो लोक जमले आणि परत गेलेच नाहीत. तेथे तंबूंचे एक गावच उभे राहिले. ‘गोटा गो गामा’ हे त्याचे नाव. गामा म्हणजे गाव. त्या गावात वाचनालय होते, सामुदायिक स्वयंपाकघर होते, प्रथमोपचार केंद्र होते, वकिलांचा मोफत सल्ला देणारा तंबू होता. सिंहली आणि तमिळ नववर्ष तेथेच साजरे झाले, आणि रमजानचे रोजेही तेथेच सोडले गेले.

नेता असा कोणी नव्हता. विद्यार्थी संघटना, कामगार संघटना, डाव्या पक्षांचे कार्यकर्ते, बौद्ध भिक्खू, ख्रिस्ती धर्मगुरू, कलावंत आणि पूर्वी कधीही मोर्चात न गेलेले मध्यमवर्गीय अशी ती सरमिसळ होती. सिंहलीत या लढ्याला ‘अरगलय’ म्हणतात. नेता नसल्यामुळे सरकारला कोणाला फोडता आले नाही. त्याच कारणाने, सत्ता कोसळली तेव्हा तिच्या जागी बसवायला आंदोलनाकडेही कोणी नव्हते.

प्रत्येक मोठी घटना ९ तारखेलाच का घडली?

९ एप्रिलला गॉल फेसचा ठिय्या, ९ मेला महिंदा यांचा राजीनामा, ९ जूनला बासिल यांचा खासदारकीचा राजीनामा. एवढे झाल्यावर आंदोलकांनी ९ जुलै ही तारीख मुद्दामच निवडली. पहिल्या तीन वेळचा योगायोग होता. राजपक्षे कुटुंबाचा ज्योतिषावरील विश्वास प्रसिद्ध असल्यामुळे त्यावर विनोदही पुष्कळ झाले.

९ मे रोजी हिंसाचार कसा उसळला?

त्या सकाळी पंतप्रधानांच्या टेम्पल ट्रीज या अधिकृत निवासस्थानी महिंदा यांचे समर्थक बसगाड्या भरून आणण्यात आले होते. सभा आटोपल्यावर त्यांतील अनेक जण काठ्या घेऊन बाहेर पडले. आधी टेम्पल ट्रीजसमोरचे आणि मग गॉल फेसवरचे तंबू त्यांनी मोडले, पेटवले, आंदोलकांना मारहाण केली. पोलिसांनी त्यांना वेळीच रोखले नाही. बातमी पसरताच देशभर उलट लाट आली. समर्थकांना घेऊन परतणाऱ्या बसगाड्या अडवल्या गेल्या, सत्ताधारी खासदारांची घरे एकामागून एक जाळण्यात आली, आणि निट्टंबुवा येथे खासदार अमरकीर्ती अतुकोराला यांना त्यांच्या सुरक्षारक्षकासह जमावाने ठार केले. महिंदा यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला आणि पुढे त्रिंकोमालीच्या नौदल तळावर आश्रय घेतला.

‘अरगलय’ पूर्णपणे अहिंसक होते असे जे म्हणतात त्यांनी ९ मेची रात्र विसरू नये. आणि ते हिंसक होते असे जे म्हणतात त्यांनी त्याच दिवसाची सकाळ विसरू नये.

संसदेत पक्षाची एकच जागा असताना रानिल विक्रमसिंघे पंतप्रधान कसे झाले?

ऑगस्ट २०२० च्या निवडणुकीत त्यांच्या युनायटेड नॅशनल पार्टीचा एकही उमेदवार निवडून आला नव्हता. एकूण मतांच्या प्रमाणात पक्षाला जी एक जागा मिळाली तिच्यावर ते स्वतः वर्षभराने संसदेत आले. मे २०२२ मध्ये विरोधी पक्षनेते सजित प्रेमदासा यांनी आधी गोटाबाया यांनी पद सोडावे अशी अट घातली; रानिल यांनी घातली नाही. १२ मे रोजी त्यांचा सहाव्यांदा पंतप्रधान म्हणून शपथविधी झाला. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी बोलू शकणारा अनुभवी माणूस म्हणून काहींना दिलासा वाटला, तर राजपक्षे कुटुंबाने स्वतःच्या बचावासाठी उभी केलेली ढाल म्हणून बाकीच्यांनी त्यांच्याकडे पाहिले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. त्यांच्या शपथविधीनंतर आठवड्याभरातच थकलेल्या परदेशी देण्यांची वाढीव मुदत संपली आणि १९४८ च्या स्वातंत्र्यानंतर प्रथमच देश कर्ज चुकवणारा ठरला.

९ जुलै रोजी लोक राष्ट्राध्यक्षांच्या घरात शिरले तरी सैन्याने गोळीबार का केला नाही?

अंशतः केला, हवेत गोळ्या झाडल्या गेल्या, अश्रुधूर आणि पाण्याचे फवारे वापरले गेले, अनेक जण जखमी झाले. तथापि रस्त्यावर एवढी गर्दी होती की ती रोखायची तर मोठा रक्तपात करावा लागला असता, आणि तो करण्याची लष्कराची तयारी नव्हती. इंधन नसल्यामुळे लोक येणार नाहीत हा सरकारचा अंदाज साफ चुकला: लोक पायी आले, सायकलींवर आले, मालमोटारींत उभे राहून आले, आणि कित्येकांनी स्थानकांवर जाऊन रेल्वेला गाड्या सोडायला भाग पाडले. आदल्या रात्री लावलेली पोलिसी संचारबंदी बेकायदा असल्याचे वकील संघटनेने ठणकावल्यावर ती सकाळी उठवावी लागली होती.

निवासस्थानात शिरलेल्या लोकांनी तरणतलाव, व्यायामशाळा आणि पलंग यांचा मनमुराद उपभोग घेतला हे जगाने पाहिले. तेथे सापडलेल्या १ कोटी ७८ लाखांहून अधिक रुपयांच्या नोटा त्यांनी मोजून पोलिसांच्या हवाली केल्या, हे कमी लोकांनी पाहिले. त्याच संध्याकाळी रानिल यांचे खासगी घर जाळण्यात आले आणि त्यांचा ग्रंथसंग्रह भस्मसात झाला.

राजीनामा देण्याआधीच गोटाबाया देश सोडून का गेले?

पदावर असेपर्यंत राष्ट्राध्यक्षांवर खटला भरता येत नाही. पद गेले की हे संरक्षणही जाते. म्हणून आधी देशाबाहेर आणि मग राजीनामा, हा क्रम त्यांनी निवडला. १३ जुलैच्या पहाटे ते हवाई दलाच्या विमानाने मालदीवला गेले, तेथून १४ जुलैला सिंगापूरला पोहोचले आणि संसदेच्या सभापतींना ईमेलने राजीनामा पाठवला. सभापती महिंदा यापा अभयवर्धने यांनी खातरजमा करून १५ जुलैला तो जाहीर केला. ऑगस्टमध्ये गोटाबाया थायलंडला गेले आणि २ सप्टेंबरला मायदेशी परतले.

जनतेने न निवडलेला राष्ट्राध्यक्ष घटनेला चालतो का?

चालतो. श्रीलंकेत उपराष्ट्राध्यक्ष हे पद नाही. मुदतीच्या मध्येच राष्ट्राध्यक्षपद रिकामे झाले तर घटनेच्या ४०व्या अनुच्छेदानुसार संसद गुप्त मतदानाने उरलेल्या काळासाठी नवी व्यक्ती निवडते, आणि तोपर्यंत पंतप्रधान कार्यभार पाहतात. १९९३ मध्ये रणसिंघे प्रेमदासा यांची हत्या झाल्यावर डी. बी. विजेतुंगा याच मार्गाने, पण बिनविरोध, निवडले गेले होते. २० जुलै २०२२ रोजी मात्र प्रत्यक्ष लढत झाली. २२५ पैकी २२३ खासदारांनी मतदान केले; रानिल यांना १३४, सत्ताधारी पक्षातून फुटलेले डलस अलाहपेरुमा यांना ८२ आणि डाव्या आघाडीचे अनुरा कुमारा दिसानायके यांना अवघी ३ मते मिळाली, तर ४ मते बाद झाली.

वैधतेबद्दल म्हणूनच शंका नाही. नैतिक अधिकाराचा प्रश्न मात्र शिल्लक राहतो, कारण ज्या संसदेने हे मतदान केले तिच्यात राजपक्षे यांच्याच पक्षाचे बहुमत होते. लोकांच्या रेट्याने माणूस गेला. त्याच्या जागी कोण येणार हे त्याच्याच पक्षाच्या मतांनी ठरवले. दोनच दिवसांनी, २२ जुलैच्या पहाटे, सैनिक आणि पोलिसांनी गॉल फेसवर छापा घालून सचिवालयाचे प्रवेशद्वार मोकळे केले. सचिवालयाचा परिसर त्याच दुपारपर्यंत रिकामा करू, असे आंदोलकांनी आधीच जाहीर केले होते, म्हणून या कारवाईत आवश्यकतेपेक्षा जरब बसवण्याचा भाग अधिक होता, असे म्हणावे लागते. पुढे विद्यार्थी नेते वसंत मुदलिगे यांना दहशतवादविरोधी कायद्याखाली स्थानबद्ध करण्यात आले.

तमिळ आणि मुस्लिम समाजाची भूमिका काय होती?

कोलंबोतील आंदोलनात दोन्ही समाज होते, आणि १८ मे रोजी गॉल फेसवर मुळ्ळिवैक्काल येथे, लष्कर आणि तमिळ वाघ यांच्यातील यादवी युद्धाच्या अखेरीस मारल्या गेलेल्या तमिळांचे स्मरण उघडपणे करण्यात आले. सिंहली बहुसंख्य असलेल्या राजधानीत असे घडणे ही लहान बाब नव्हती. उत्तरेत, जाफना आणि वन्नी भागात, प्रतिसाद तुलनेने थंड राहिला. गोटाबाया हे युद्धकाळातील संरक्षण सचिव. त्यांच्याविरुद्धच्या तक्रारी तेथील लोक २००९ पासून मांडत होते आणि तेव्हा दक्षिणेतून कोणी साथ दिली नव्हती. रॉकेल आणि औषधे न मिळण्याचा अनुभवही युद्धाच्या वर्षांनी त्यांना आधीच दिला होता. मार्चपासून काही तमिळ कुटुंबे होड्यांनी तामिळनाडूतील धनुष्कोडीला उतरू लागली. त्यांची सोय मंडपम येथील छावणीत करण्यात आली.

भारताने काय मदत केली, आणि महाराष्ट्राशी याचा काही संबंध आला का?

इंधनासाठी ५० कोटी डॉलरची पतमर्यादा, अन्नधान्य व औषधांसाठी १ अब्ज डॉलर, रिझर्व्ह बँकेकडून ४० कोटी डॉलरची चलन-अदलाबदल आणि आशियाई क्लिअरिंग युनियन या आशियाई देशांच्या आपसांतील व्यापारी देणी चुकवण्याच्या व्यवस्थेतील देण्यांना मुदतवाढ, असे सारे धरून वर्षभरात भारताची मदत ४ अब्ज डॉलरच्या आसपास गेली. नाणेनिधीचा पहिला हप्ता येईपर्यंत देश तगला तो मुख्यतः याच आधारावर. तामिळनाडू सरकारने तांदूळ, दूधभुकटी आणि औषधे स्वतंत्रपणे पाठवली.

महाराष्ट्राशी संबंध आला तो कांद्यामुळे. श्रीलंका हा नाशिकच्या कांद्याच्या नेहमीच्या परदेशी गिऱ्हाइकांपैकी एक. कोलंबोतील आयातदाराला बँकेकडून डॉलर मिळेनासे झाले की इकडच्या निर्यातदाराचे पैसे अडकतात, पुढचा माल पाठवायला तो कचरतो, आणि बाजार समितीतील एक मागणी कमी होते. २०२२ च्या उन्हाळ्यात भाव आधीच पडलेले असताना ही भर पडली. तेवढ्यानेच भाव पडले असे म्हणणे मात्र अतिशयोक्तीचे होईल.

‘युआन वांग ५’ या जहाजाचा वाद कशावरून होता?

उपग्रह आणि क्षेपणास्त्रांचा माग काढू शकणारे हे चिनी जहाज हंबनटोटा बंदरात येण्यास भारताने आक्षेप घेतला, श्रीलंकेने आधी भेट पुढे ढकलण्याची विनंती केली आणि मग परवानगी दिली. १६ ऑगस्टला ते बंदराला लागले. भारताची मदत आणि चीनचे कर्ज दोन्ही गरजेचे असताना तिसरा पर्याय कोलंबोकडे नव्हता.

त्या वर्षी काही चांगलेही घडले का?

घडले, आणि ते बहुतांशी मैदानावर. जूनमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धची एकदिवसीय मालिका श्रीलंकेने ३-२ अशी जिंकली, आणि शेवटच्या सामन्यात कोलंबोचे प्रेक्षक पाहुण्या संघाच्या पिवळ्या रंगात आले. अशा काळातही तुम्ही आलात, याबद्दलचे ते आभार होते. ९ जुलैला गॉल येथे दुसरी कसोटी चालू असताना मैदानालगतच्या किल्ल्याच्या तटावर आंदोलक घोषणा देत होते. त्याच कसोटीत दिनेश चंडिमलने नाबाद २०६ धावा काढल्या, पदार्पण करणाऱ्या प्रभात जयसूर्याने १२ बळी घेतले आणि संघ डावाने जिंकला. आशिया चषक मायदेशातून अमिरातीत हलवावा लागला होता. ११ सप्टेंबरला दुबईतील अंतिम सामन्यात श्रीलंकेने पाकिस्तानला २३ धावांनी हरवले, आणि त्याच दिवशी महिला नेटबॉल संघानेही आशियाई विजेतेपद पटकावले. धावपटू युपुन अबेकून ३ जुलै रोजी १०० मीटर ९.९६ सेकंदांत धावला. दहा सेकंदांच्या आत धावणारा तो पहिला दक्षिण आशियाई ठरला. ऑक्टोबरमध्ये शेहान करुणातिलक यांना कादंबरीसाठी बुकर पारितोषिक मिळाले.

राष्ट्राध्यक्षांचे अधिकार कमी करण्याची मागणी पूर्ण झाली का?

थोडीफार. ऑक्टोबर २०२२ मध्ये मंजूर झालेल्या २१व्या घटनादुरुस्तीने २०२० मध्ये गोटाबाया यांनी स्वतःकडे घेतलेले काही अधिकार काढून घेतले आणि स्वायत्त आयोगांवरील नेमणुकांसाठी घटनात्मक परिषद पुन्हा आणली. राष्ट्राध्यक्षीय पद्धतच रद्द करावी ही आंदोलकांची मूळ मागणी तशीच राहिली.

नंतर काय झाले?

१ सप्टेंबर २०२२ रोजी नाणेनिधीशी २.९ अब्ज डॉलरच्या कार्यक्रमावर प्राथमिक सहमती झाली आणि २० मार्च २०२३ रोजी निधीच्या कार्यकारी मंडळाने त्याला मंजुरी दिली. इंधनाचा कोटा सप्टेंबर २०२३ मध्ये उठला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोटाबाया, महिंदा आणि बासिल यांच्यासह मध्यवर्ती बँकेच्या माजी गव्हर्नरांना आर्थिक संकटास जबाबदार धरून त्यांनी जनतेचा विश्वासभंग केल्याचा निर्णय दिला. सप्टेंबर २०२४ च्या निवडणुकीत अनुरा कुमारा दिसानायके राष्ट्राध्यक्ष झाले, तेच ज्यांना संसदेत तीन मते मिळाली होती. पहिल्या मोजणीत कोणालाही ५० टक्के न मिळाल्यामुळे देशाच्या इतिहासात प्रथमच दुसऱ्या आणि तिसऱ्या पसंतीची मते मोजावी लागली. त्यानंतर दोनच महिन्यांत त्यांच्या आघाडीने संसदेतील २२५ पैकी १५९ जागा जिंकल्या. डिसेंबर २०२४ मध्ये जुन्या आंतरराष्ट्रीय रोख्यांच्या बदल्यात नवे रोखे देण्याची अदलाबदल पूर्ण झाली. या सगळ्याचा भार करदात्यांवर आहे: २०१९ मध्ये ८ टक्क्यांवर आणलेला मूल्यवर्धित कर जानेवारी २०२४ पासून १८ टक्के आहे.